बिनपगारी वस्ताद आणि त्याची मुले

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार विचार ऐकण्याची सवय महाराष्ट्राला जडली. या व्यासपीठावर साहित्य येते, राजकारण येते, अर्थकारण आणि अध्यात्मही येते. मुलांचा खेळ हा विषय मात्र फारसा येत नाही. खेळ ही ऐकण्याची नव्हे, करण्याची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो, म्हणून असेल. परंतु ज्या दिवसांत ही व्याख्याने होतात नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा आटोपलेली मुले घोळक्याघोळक्याने मैदानावर उतरतात, उन्हाळी शिबिरे भरतात, आणि घरोघरचे आईबाप आपले मूल दोन तासांसाठी एका परक्या माणसाच्या स्वाधीन करतात. त्या परक्या माणसाविषयी आम्हांस येथे बोलावयाचे आहे.

हा माणूस कोण? आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याचे नाव औरंगाबाद होते त्या शहरात, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तेथे पगारी व शिकलेसवरलेले प्रशिक्षक आहेत. परंतु शहरातील सगळी मुले तेथे जात नाहीत आणि जाऊ म्हटले तरी मावणार नाहीत. बहुतेक मुले खेळतात ती आमखास मैदानावर, सिडको-हडकोतील मोकळ्या जागांवर, शाळेच्या पटांगणात, नाही तर वसाहतीच्या एखाद्या कोपऱ्यात. तेथे त्यांना शिकविणारा कोणी वाळूजच्या कारखान्यातील पहिली पाळी संपवून आलेला कामगार असतो, कोणी बँकेतील कारकून असतो, कोणी पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण असतो. तर कोठे एके काळी विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली आणि आता संसार सांभाळून संध्याकाळी मुलींना पळविणारी ताई असते. यांना कोणी वेतन देत नाही. शिट्टी स्वतःची, फक्कीची पिशवी स्वतःच्या पैशांची, आणि स्पर्धेला न्यावयाचे झाले तर एसटीच्या भाड्याची जुळवाजुळवही बहुधा यांनीच करावयाची.

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तालमीतील वस्ताद पट्ठ्यांकडून फी मोजून घेत नसे. आज खो-खो आणि हुतूतू, म्हणजेच कबड्डी, हे खेळ ज्या नियमबद्ध रूपात आपण पाहतो ते रूपही त्यांना बव्हंशी हौशी मंडळींनीच दिले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी ज्या व्यायामशाळेची सुरुवात केली, त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी खेळ जगाला दाखविले. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ उभे केले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीत पुरुष व महिला असे दोन्ही भारतीय संघ जिंकले आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या यशाच्या मुळाशी गावोगावच्या बिनपगारी माणसांनी घातलेले पाणी आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

परंतु याच परंपरेत एक अडचणही दडलेली आहे. वस्ताद पैसे घेत नाही, म्हणून त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. शिकवणीच्या मास्तराने मुलाला मारले तर बाप जाब विचारावयास जातो, कारण त्याने फी भरलेली असते. मैदानावरच्या गुरूने मारले तर तोच बाप म्हणतो, "सर आपल्या पोरासाठी एवढा जीव टाकतात, त्यांना कसं बोलायचं?" उपकाराचे ओझे माणसाचे तोंड बंद करते. त्यातून आपल्याकडे गुरूविषयीची भावना अशी की शंका घेणे हेच पाप ठरावे. परिणामी ज्या माणसाच्या हाती मुलाचे शरीर, मन आणि वेळ आपण सोपवितो, त्याच्यावर देखरेख अशी कोणाचीच राहत नाही. आमचे म्हणणे असे की, ज्याला कोणी विचारणार नाही त्याने स्वतःला नियम घालून घेतले पाहिजेत, आणि ते उघडपणे, पालकांच्या समोर. विनामूल्य सेवा ही मोठी गोष्ट आहे. पण तिच्यामुळे जबाबदारीत सूट मिळत नाही.

ही जबाबदारी कोणती? मुलाला विजेता करणे ही नव्हे. शंभरातील एखादे मूल पुढे राज्याच्या संघात जाईल. उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय? हौशी मार्गदर्शकाचे पहिले काम एवढेच की आज आलेले मूल उद्या पुन्हा मैदानावर यावे, धडधाकट यावे आणि आपण होऊन यावे. हे काम दिसावयास लहान आहे. करावयास लागल्यावर त्याचा आवाका कळतो.

प्रथम बोलण्याचा विचार करू, कारण मैदानावर सर्वांत जास्त खर्च होतो तो शब्दांचाच. आपल्या मैदानांवर संध्याकाळी एक फेरी मारली तर जे कानी पडते ते असे असते: "अरे गाढवा, खो कधी देणार?", "म्हशीसारखी काय पळतेस!", "तुझ्यामुळे डाव गेला." बोलणारा माणूस मनाचा वाईट असतो असे मुळीच नाही. त्याच्या वस्तादाने त्याला असेच शिकविले, तो तसेच शिकवितो. पण या बोलण्याने शिकविले काय जाते? खो उशिरा दिला हे मुलाला कळलेलेच असते. उशीर का झाला, हे त्याला कळलेले नसते. नजर पळणाऱ्यावर होती आणि पाटीवर बसलेल्या गड्याच्या पाठीमागे आपण पोहोचलो हे त्याच्या ध्यानात आले नाही, हे कोणी सांगितले तरच पुढच्या वेळी खो वेळेवर पडेल.

या विषयाचा अभ्यास परदेशांत पुष्कळ झाला आहे. अमेरिकेत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल संघांना शिकविणाऱ्या स्वयंसेवकांवर १९७० नंतरच्या दशकात काम सुरू केले. हे स्वयंसेवकही आपल्यासारखेच, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येणारे. त्यांना एक छोटा वर्ग देण्यात आला. त्यात सांगितले ते फार साधे होते: मुलाने प्रयत्न केला की दाद द्या, चूक झाली की आधी धीर द्या, मग दुरुस्ती सांगा, शिक्षा आणि कुचेष्टा टाळा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांनी हा वर्ग घेतला नव्हता अशा मार्गदर्शकांच्या संघांतील २६ टक्के मुले पुढच्या वर्षी खेळावयास आलीच नाहीत. ज्यांनी घेतला होता त्यांच्या संघांतून गळालेली मुले ५ टक्के होती. आणि गंमत अशी की दोन्हीकडच्या संघांच्या जय-पराजयात म्हणण्यासारखा फरक नव्हता. प्रयोग लहान होता, देश निराळा, खेळ निराळा, हे सर्व मान्य. तरी गळतीतला एवढा फरक केवळ बोलण्याच्या रीतीने पडू शकतो, ही गोष्ट मनात घोळवावी अशी आहे. त्यांच्या कामातून आणखी एक निष्कर्ष निघाला. मार्गदर्शकाच्या चांगल्या-वाईट बोलण्याचा सर्वांत अधिक परिणाम होतो तो मुळात ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी आहे अशा मुलांवर. म्हणजे आपण ज्याला हटकून "ढ" म्हणतो, त्यालाच तो शब्द सर्वांत खोल लागतो.

येथे कोणी म्हणेल की मग काय दिवसभर "शाब्बास, शाब्बास" करीत बसावयाचे? तसेही नाही. जॉन वुडन हा अमेरिकेतील बास्केटबॉलचा नामांकित गुरू. त्याच्या विद्यापीठाच्या संघाने १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याच्या शेवटच्या हंगामात दोन संशोधक मैदानाच्या कडेला बसले आणि सरावाच्या वेळी तो काय काय बोलतो ते त्यांनी टिपून काढले. दोन हजारांहून अधिक नोंदी झाल्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बोलण्यात काही ना काही शिकविणे होते: पाय असा ठेव, चेंडू येथे दे. निव्वळ वाहवा शंभरात सातही वेळा नव्हती, आणि निव्वळ नापसंतीही जवळपास तेवढीच. स्तुती आणि शिव्या या दोहोंपेक्षा मुलाला हवी असते ती माहिती. "शाब्बास" म्हणावयाचे तर तेही कशाबद्दल ते सांगून म्हणावे: "आज खांबाला वळताना तू हात सोडला नाहीस, म्हणून तुझा वेग टिकला."

मारण्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. हा विषय निघाला की हमखास एक दाखला दिला जातो: रमाकांत आचरेकर सरांनी शाळकरी सचिनला एक थप्पड मारली आणि त्यातून सचिन तेंडुलकर घडला. सामना सोडून दुसऱ्यांचा खेळ पाहावयास गेल्याबद्दल ती थप्पड बसली, ही हकीकत तेंडुलकरांनी स्वतःच कृतज्ञतेने सांगितलेली आहे आणि तिचा आदर ठेवूनच आम्ही विचारतो की, ज्या मुलांनी अशी थप्पड खाऊन मैदान कायमचे सोडले त्यांची मुलाखत कोणी घेतली आहे काय? टिकले त्यांचेच अनुभव आपल्यापर्यंत पोहोचतात. आणि आचरेकर सरांची दुसरी गोष्ट आपण का विसरतो? ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे, फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर त्याचे. मुलाला ईर्ष्येने खेळावयास लावण्याची ती रीत थपडेहून कितीतरी अधिक बुद्धीची होती. कायद्याचे म्हणावे तर शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे, आणि ताब्यातील बालकाशी क्रूरपणे वागणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. मैदान यातून सुटलेले नाही. जाता जाता आणखी एक. उशीर झाला की "मार दहा फेऱ्या" ही शिक्षा आपल्याकडे निरुपद्रवी समजली जाते. पण ज्या मुलांनी धावण्यावर प्रेम करावे अशी आपली इच्छा, त्यांना धावणे म्हणजे दंड असे आपणच शिकवावे, हे अजब नव्हे काय?

आता शरीराकडे येऊ. आपल्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि शिबिरांचा हंगामही हाच. सकाळी ९ च्या आत सराव आटोपावा, संध्याकाळी साडेपाचच्या आधी सुरू करू नये, एवढे वेळापत्रक पाळले तरी निम्मे संकट टळते. महिनाभर अभ्यासाला बसलेले मूल एकाएकी उन्हात पळविले तर ते सोसत नाही. अंगाला उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात काम हलके ठेवावे. पाणी मागितल्यावर देण्याची वस्तू नव्हे. खेळाच्या नादात मूल तहान विसरते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी वाजवून सर्वांना पाणी पाजावे. "पाणी पिऊन पळू नका, पोटात दुखेल" हा जुना समज अजून कित्येक मैदानांवर ऐकू येतो. घोटभर पाण्याने काही होत नाही, न पिण्याने मात्र होते. या शहराची पाण्याची ओढाताण सर्वांना ठाऊक आहे, मैदानावर नळ असेलच असे नाही. तेव्हा दोन जार आणि एक माठ ही शिबिराची पहिली खरेदी, गणवेश नंतर. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले की घरगुती जलसंजीवनी तयार होते. चमचा चहाचा, आणि मिठाचे प्रमाण वाढवू नये.

उष्माघाताची खूण कोणती, हे प्रत्येक मार्गदर्शकाला पाठ असावयास हवे. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, नाव विचारले तर गोंधळले, आणि अंग भट्टीसारखे तापले, तर तो क्षण विचार करण्याचा नव्हे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, आणि अंगावर पाणी ओतीत, ओल्या फडक्यांनी पुसत, वारा घालीत राहावे. बर्फाच्या पाण्याचे मोठे घमेले किंवा टाकी असेल तर मुलाला धरून, डोके वर ठेवून, त्यात बसवावे. दुसऱ्या माणसाने तेवढ्यात १०८ क्रमांकाला फोन करावा. गाडीची वाट पाहत नुसते बसू नये. आधी थंड करणे, मग हलविणे, हा क्रम आहे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये आणि कांदा नाकाला लावण्यात वेळ दवडू नये.

डोक्याच्या माराविषयी आपण फार निष्काळजी आहोत. कबड्डीत पकडीच्या वेळी दोघांची डोकी आपटतात, मूल क्षणभर सुन्न होते, मग उठते, आणि आपण टाळ्या वाजवून त्याला पुन्हा चढाईला पाठवितो. नियम असा असावा की, डोक्याला मार लागून मूल गोंधळले, घेरी आली, मळमळले किंवा डोके दुखू लागले तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. सामना अंतिम असला तरी संपला. उलटी, वाढती डोकेदुखी, झापड ही लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय. आणि पुन्हा खेळावयाचे ते डॉक्टरांनी सांगितल्यावर. १९९८ च्या फेब्रुवारीत भारताचा कसोटीपटू रमण लांबा ढाक्याला शॉर्ट लेगवर शिरस्त्राणाविना उभा होता. चेंडू डोक्याला लागल्यावर तो चालत मैदानाबाहेर गेला, आणि तीन दिवसांनी मरण पावला. चालत गेला, म्हणजे ठीक आहे, असे समजावयाचे नाही हे त्यावरून कळते.

वाढत्या वयाची हाडे मोठ्यांसारखी नसतात, हीदेखील ध्यानात ठेवण्याजोगी बाब. बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखालचा उंचवटा दुखू लागतो. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. हे दुखणे नाटक नव्हे, उंची झपाट्याने वाढत असताना उड्या व धावणे अती झाल्याची ती तक्रार असते, आणि काम कमी केले की बहुधा आपोआप शमते. या शहराने इक्बाल सिद्दीकी हा वेगवान गोलंदाज भारताच्या कसोटी संघाला दिला. २००१ साली मोहालीस तो इंग्लंडविरुद्ध खेळला. त्यामुळे म्हणा किंवा दूरदर्शनमुळे म्हणा, आमच्या गल्लीतील प्रत्येक पोराला वेगवान गोलंदाज व्हावयाचे असते आणि दिवसभर तो चेंडू टाकीत राहतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १३ वर्षांच्या आतील वेगवान गोलंदाजांसाठी एका वेळी ५ आणि दिवसाला १० षटके अशी मर्यादा घालून दिलेली आहे. ती आपण वहीत लिहून ठेवावी. कुस्तीच्या आखाड्यांना सांगणे असे की वजनगटात बसविण्यासाठी मुलाला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, गरम कपड्यांत पळविणे हे सर्वथा बंद व्हावे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत सहा आठवड्यांच्या आत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा वजन उतरविण्याने दगावले आणि त्यांना आपले नियम बदलावे लागले. मोठ्या मल्लांची ही गत, तर अकरा वर्षांच्या पोराने ज्या वजनात आहे त्याच वजनात लढावे.

खो-खोच्या मैदानाविषयी एवढेच की मुरमाचे खडे वेचून, पाणी शिंपडून मगच मुलांना बसवावे आणि खांबाचे टोक गुळगुळीत आहे ना, हे रोज हात फिरवून पाहावे.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराविषयी सभ्य सभेत बोलू नये अशी आपल्याकडे रीत आहे. ती रीत अत्याचार करणाऱ्याच्या सोयीची आहे. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला जानेवारी २०१८ मध्ये जबर शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक मुली व स्त्रियांनी न्यायालयात त्याच्याविरुद्ध निवेदने केली. हा मनुष्य गोडबोल्या होता, मदतीला तत्पर होता, आणि त्याच्या कामाचा बराच भाग तो स्वयंसेवक म्हणून विनामूल्य करीत असे. मुलींनी अनेक वर्षे आधी सांगून पाहिले होते. मोठ्या माणसांना त्यांचे खरे वाटले नाही. चांगुलपणाची ख्याती हा पुरावा नव्हे, हे एवढी किंमत मोजून जगाला कळले.

म्हणून नियम हे कोणावर संशय आहे म्हणून करावयाचे नसतात. ते सर्वांना सारखे असतात आणि प्रामाणिक माणसाचे तर त्यांनी रक्षणच होते. सरावाच्या वेळी मैदानावर निदान दोन प्रौढ माणसे असावीत. एकट्या मुलाला वा मुलीला गाडीवर बसवून नेणे, घरी बोलावणे, बाहेरगावी एका खोलीत उतरविणे हे करू नये. मुलींचा संघ परगावी जात असेल तर बरोबर स्त्री असलीच पाहिजे. मोबाइलवरचा निरोप पालकही ज्यात आहेत अशा गटावरच टाकावा. रात्री मुलाला स्वतंत्र संदेश नको. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती यांत शिकविताना हात लावावाच लागतो. तेथे आधी सांगावे, "आता मी तुझी कंबर धरून वर उचलतो, चालेल ना?", आणि सर्वांदेखत लावावा, मूल नको म्हणाले तर दुसरी युक्ती शोधावी. कायदाही माहीत हवा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वत्र पॉक्सो म्हणतात, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे वा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाही गुन्हा आहे. "संस्थेची बदनामी नको, आपसांत मिटवू" याला कायद्यात जागा नाही. मुलांसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे; तो मैदानाच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत रंगवून ठेवण्यास डबाभर रंग पुरतो. आणि मूल काही सांगू लागले तर त्याला उलटतपासणी न करता ऐकून घ्यावे, सांगितलेस हे बरे केलेस असे म्हणावे.

मुलींच्या बाबतीत अडचणी याहूनही साध्या असतात. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगी मुलांच्या बरोबरीने पळते आणि एके दिवशी यावयाची बंद होते. कारण विचारले तर "घरी काम असतं." खरे कारण पुष्कळदा असे की मैदानाजवळ शौचालय नाही, कपडे बदलण्यास आडोसा नाही, आणि अंधार पडल्यावर घरी जाण्यास सोबत नाही. मराठवाड्यातच धाराशिवची सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी तिने सांगितले की, जवळजवळ दहा वर्षे तिला दिवसातून एकदाच जेवावयास मिळत असे. हे वाचल्यावर आम्हांस वाटते की "आज पाय का चालत नाहीत?" असे ओरडण्यापूर्वी "आज जेवलीस का?" हा प्रश्न आपल्याकडे प्रशिक्षणाच्या शास्त्राचाच भाग समजावा. मूठभर शेंगदाणे-गूळ आणि दोन केळी एवढ्याची तजवीज वसाहतीतील चार घरे मिळून सहज करू शकतात.

निवडीची घाई हाही एक दोष आहे. वयोगट जन्मतारखेने ठरतात, त्यामुळे एकाच गटात जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल येते. बारा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे दोन बोटे उंची आणि तेवढाच जोर. आपण थोराड मुलाला गुणी समजतो आणि लहानग्याला पाणी वाहावयास लावतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे याचे लहानपण पाहा. शाळेला पायी जात-येत असे. सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडून, तो शर्यतींकडे वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळविले. दहाव्या वर्षी कोणाचे भविष्य वर्तविण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेव्हा सरावाच्या सामन्यात प्रत्येकाला खेळावयास मिळावे, आणि चौदाच्या आधी मुलाला एकाच खेळाच्या दावणीला बांधू नये. खोट्या जन्मतारखा लावून लहान गटात मोठी मुले उतरविणाऱ्यांविषयी काय बोलावे! तो मार्गदर्शक मुलाला खेळाआधी लबाडी शिकवितो, आणि समोरच्या लहान मुलाची हाडे धोक्यात घालतो.

पालकांची एक सभा शिबिराच्या पहिल्या दिवशी घ्यावी आणि वरचे सर्व नियम वाचून दाखवावेत. "आम्ही मारणार नाही, तुम्हीही रेघेबाहेरून ओरडू नका, तक्रार असेल तर अमक्या माणसाला सांगा" असे स्पष्ट म्हणावे, आणि तो अमका माणूस स्वतः मार्गदर्शक नसावा. वसाहतीतील एखाद्या निवृत्त शिक्षिकेने हे काम आनंदाने पत्करावे. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देऊन थांबलेले हृदय चालू ठेवण्याचे तंत्र वाचून येत नाही. ते एका दुपारी डॉक्टरांसमोर पुतळ्यावर करून पाहावे, आणि दरवर्षी उजळावे.

उरली ती वही आणि पिशवी. वहीत प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, दोन पालकांचे फोन आणि आजार: दमा, फिट येणे, हृदयाची काही तक्रार, कशाची ॲलर्जी. पिशवीत स्वच्छ कापूस, पट्टी, चिकटपट्टी, कात्री, जलसंजीवनीची पाकिटे, सॅनिटरी पॅड आणि मुरगळलेल्या घोट्यासाठी रुंद ताणपट्टी. दात पडलाच तर तो मुळाशी न धरता वरच्या टोकाला धरून दुधात टाकावा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचवावा. म्हणून मैदानाजवळच्या दुधाच्या दुकानाचा नंबरही वहीत असू द्यावा. सराव संपल्यावर हजेरी पुन्हा घ्यावी. कोण कोणाबरोबर घरी गेले ते लिहावे आणि शेवटचे मूल जाईपर्यंत दोघांनीही थांबावे. ज्या मुलाला दमा आहे त्याचा पंप त्याच्या दप्तरात नव्हे, आपल्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. तो भरलेला आहे की नाही हे दर सोमवारी पाहावे.